रॅपमध्ये अडकलेला उपांत्य सामना: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पोकेमॉन या व्हिडिओ गेम मालिकेची पहिली पिढी १९९६ साली जपानमध्ये रेड आणि ग्रीन या गेम्सनी सुरू झाली. तिचे नियम जसेच्या तसे ठेवून आजही हौसेने खेळणारे गट आहेत. हे प्रकरण अशाच एका छोट्या ऑनलाइन लीगमधलं आहे. सहा विरुद्ध सहा (मैदानात एका वेळी दोन्ही बाजूंचा एकेकच पोकेमॉन, प्रत्येक टर्नला चाल करायची किंवा पोकेमॉन बदलायचा), सगळे पोकेमॉन लेव्हल १०० चे, मूळ कार्ट्रिजच्या चुकांसकट हुबेहूब चालणारा सिम्युलेटर आणि वादासाठी तीन पंच, अशी तिची रचना. दोन्ही खेळाडूंच्या संमतीने हे लिहितो आहे. जिंकलेल्या खेळाडूला 'क्ष' आणि हरलेल्या खेळाडूला 'य' म्हणू. तो आणि ती, एवढाच फरक वाचताना लक्षात ठेवावा.

वाद झाला तो रॅप या चालीवरून. रॅप, बाइंड, फायर स्पिन आणि क्लॅम्प या पहिल्या पिढीतल्या चार अडकवणाऱ्या चाली. नंतरच्या पिढ्यांमधून या खेळाकडे आलेल्यांना त्यांची ताकद पटकन कळत नाही, कारण १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरपासून त्यांचा स्वभावच बदलला. तिथे अडकलेला पोकेमॉन हल्ला करू शकतो, फक्त त्याला बाहेर जाता येत नाही आणि प्रत्येक टर्नला थोडी हेल्थ कमी होते. पहिल्या पिढीत नेमकं उलट आहे. अडकलेला पोकेमॉन बदलता येतो, पण हल्ला करता येत नाही. 'फाइट' दाबलं तरी चाल निवडायची यादीच उघडत नाही.

हा प्रकार २ ते ५ टर्न चालतो. २ किंवा ३ टर्नची शक्यता प्रत्येकी ३७.५ टक्के, ४ किंवा ५ ची प्रत्येकी १२.५ टक्के, म्हणजे सरासरी बरोबर ३ टर्न. रॅपचा अचूकपणा ८५ टक्के आणि ताकद फक्त १५. चांगल्या स्टॅट्सचा ड्रॅगनाइट हा पोकेमॉन ३५३ हेल्थच्या टॉरसला एका टर्नला १४ ते १७ एवढंच लागतो. आकडा ऐकून कुणी घाबरणार नाही. पण रॅप करणारा वेगवान असेल तर एक रॅप संपला की समोरचा हलायच्या आत दुसरा सुरू करतो. समोरच्याची हेल्थ हळूहळू जाते, टर्न मात्र सगळेच्या सगळे जातात. भीती बसते ती याची.

ड्रॅगनाइटचा मूळ वेग २५८. टॉरस ३१८, स्टार्मी ३२८, म्हणजे दोघेही पुढे. वेग वाढवणारी अजिलिटी ही चाल एकदा वापरली की ड्रॅगनाइट ५१६ वर जातो आणि मग त्याच्या पुढे कुणीच उरत नाही. अजिलिटी आणि रॅप ही जोडी जुनी, माहितीतली आणि लीगच्या नियमांत पूर्ण बसणारी होती.

सामना कसा वळला

पहिल्या पिढीत समोरच्याची टीम आधी दिसत नाही. क्षने ड्रॅगनाइट शेवटपर्यंत झाकून ठेवला. मध्यंतरी यचा लॅप्रस झोपेच्या चालीत सापडला होता आणि तिने तो क्षच्या एक्सेग्युटरच्या एक्स्प्लोजन या स्फोटाच्या चालीसमोर बळी दिला. पहिल्या पिढीत जाग येण्याचा टर्नसुद्धा वाया जातो, त्यामुळे झोपलेला पोकेमॉन खर्ची टाकणं ही रूढ आणि योग्य खेळी आहे. सहावा पोकेमॉन ड्रॅगनाइट निघेल हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. लॅप्रसचा ब्लिझार्ड हा बर्फाचा हल्ला ड्रॅगनाइटला एका फटक्यात संपवतो, म्हणून नंतर अनेकांनी तिला या खेळीबद्दल बोल लावला. तो मला मुळीच मान्य नाही.

खरा वळणबिंदू पुढे आला. यची चॅन्सी चतुर्थांश हेल्थवर होती आणि सॉफ्ट-बॉइल्डने स्वतःला भरत होती. क्षने ते ओळखून त्याच टर्नला ड्रॅगनाइट आत आणला. पुढच्या टर्नला ड्रॅगनाइटने अजिलिटी केली आणि त्यापाठोपाठ चॅन्सीचा थंडर वेव्ह लागला. थंडर वेव्हने पॅरालिसिस होतो आणि पॅरालिसिसने वेग चतुर्थांश होतो, म्हणजे ५१६ वरून थेट १२९. चॅन्सीचा वेग १९८. आता ड्रॅगनाइट चॅन्सीपेक्षाही संथ झाला होता.

इथे यला धोका टळला असं वाटलं. तिच्याकडे आइस बीम हा बर्फाचा हल्ला होता, पण तिने चॅन्सी पूर्ण भरून घेण्यासाठी पुन्हा सॉफ्ट-बॉइल्ड निवडला. क्षने दुसऱ्यांदा अजिलिटी केली. पहिल्या पिढीत एक प्रसिद्ध चूक आहे: वेग वाढवणारी चाल वापरली की वेगाचं गणित मूळ आकड्यापासून नव्याने होतं आणि पॅरालिसिसची कपात त्यात धरलीच जात नाही. ड्रॅगनाइट १२९ वरून ७७४ वर गेला. पॅरालिसिसमुळे चारातल्या एका टर्नला हालचाल न होण्याची अडचण तेवढी त्याच्याकडे राहिली.

तिथून रॅप सुरू झाला. यकडे चॅन्सी, दोन तृतीयांश हेल्थची स्टार्मी, पूर्ण हेल्थचा टॉरस आणि स्नॉरलॅक्स होते. ती सतत पोकेमॉन बदलत राहिली. अडकलेली असताना बदलले, आणि रॅप संपून चाल निवडायची यादी उघडली तेव्हाही बदलले. सामना लांबत गेला. स्टार्मी पडली, चॅन्सी अगदी थोड्यावर आली.

समस्या

बदलत राहण्यामागे यचा एक हिशेब होता. अडकलेला पोकेमॉन बदलला की आत येणाऱ्यावर रॅप आपोआप नव्याने लागतो आणि त्यासाठी आणखी एक पीपी (चाल किती वेळा वापरता येईल याचा मोजका साठा) खर्च होतो. रॅपचे पीपी जास्तीत जास्त ३२. ते संपवले की ड्रॅगनाइटची धार जाणार. हिशेब चुकीचा नव्हता आणि तिने तो चिकाटीने शेवटापर्यंत नेला. पीपी शून्यावर आले. त्या वेळी तिचा पोकेमॉन रॅपमध्ये होता, आणि तिने पुन्हा एकदा बदल केला.

पहिल्या पिढीतली दुसरी चूक इथे आडवी आली. आपोआप लागणाऱ्या रॅपच्या वेळी पीपी शिल्लक आहेत का हे खेळ तपासतच नाही. तो शून्यातून एक वजा करतो आणि आकडा उलटून ६३ होतो. यने पडद्यावर रॅप पुन्हा लागलेला पाहिला आणि ती सामना सोडून गेली. लीगच्या नियमाप्रमाणे सामना सोडणं म्हणजे हार.

तिने पंचांकडे केलेल्या तक्रारीत दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक, "मला खेळूच दिलं नाही." दोन, संपलेली चाल पुन्हा भरली गेली. पहिली तक्रार रॅपच्या स्वभावाबद्दल होती, दुसरी एका चुकीबद्दल, जिच्यावर नियमपुस्तिकेत अवाक्षर नव्हतं. गटातल्या चर्चेत मात्र दोन्हींचा एकच गोळा झाला: रॅपवर बंदी घाला. काहींनी क्षला फसवणूक करणारा म्हटलं. त्याने एकही नियम मोडला नव्हता. पीपी उलटले ते समोरच्याच्या बदलामुळे, त्या टर्नला त्याच्या हातात काहीच नव्हतं. पंचांनी त्याच दिवशी गटात हे स्पष्ट लिहायला हवं होतं. ते झालं नाही.

विचारात घेतलेले पर्याय

चारही अडकवणाऱ्या चालींवर बंदी हा सर्वांत सोपा आणि सर्वांत लोकप्रिय पर्याय होता. अंमलबजावणीत कसलाही घोळ नाही. पण त्यात क्लॉयस्टरचा क्लॅम्प, मोल्ट्रेस आणि रॅपिडॅशचा फायर स्पिन, व्हिक्ट्रीबेलचा रॅप असं बरंच काही जातं. आधीच टॉरस, चॅन्सी, स्नॉरलॅक्स यांच्या सावलीत असलेल्या पोकेमॉनना टीममध्ये घेण्याचं एक कारण संपतं.

दुसरा पर्याय म्हणजे एकाच पोकेमॉनवर अजिलिटी आणि अडकवणारी चाल एकत्र ठेवायला मनाई. बाण नेमका, पण असा नियम एकदा आणला की पुढच्या प्रत्येक त्रासदायक जोडीसाठी तशीच मागणी येते. हा पर्याय बैठकीत बराच काळ टिकून होता.

तिसरा होता दुसऱ्या पिढीच्या नियमांवर जाण्याचा. तो लगेच बाजूला पडला, आणि ते बरोबरच झालं. तो वेगळाच खेळ आहे.

चौथा पर्याय रॅप ठेवून फक्त पीपी उलटण्यावर नियम करण्याचा. ऐकायला सोपा, लिहायला कठीण. पहिला मसुदा होता, "ज्याच्या रॅपचे पीपी उलटतील तो हरला." एका पंचाने लगेच दाखवून दिलं की पीपी उलटतात ते समोरच्याने बदल केल्यामुळे. हा नियम झाला तर हरत असलेला खेळाडू शून्य पीपीवर मुद्दाम बदल करून सामना जिंकेल. दुसरा मसुदा होता, "शेवटचा पीपी वापरू नये." तोही टिकेना. समोरचा लागोपाठ बदलत राहिला तर २ किंवा ३ पीपी शिल्लक असतानाही मधे निवडीची संधी न येता आकडा शून्याखाली जाऊ शकतो. तिसरा मसुदा टिकला: पीपी उलटल्यावर सुरू असलेला रॅप चालू द्यावा, पण तो संपून चाल निवडायची मोकळीक मिळाली की रॅप संपला असं धरायचं. त्यानंतर जो मुद्दाम रॅप निवडेल तो हरला. यात ज्या टर्नला खेळाडूच्या हातात काही नाही त्याची शिक्षा त्याला होत नाही आणि ज्या टर्नला आहे त्याची जबाबदारी त्याच्यावर येते. या संपूर्ण प्रकरणात पंचांनी केलेलं सर्वांत चांगलं काम मला हे वाटतं.

रिप्लेने काय दाखवलं

पंचांनी प्राथमिक मतदान रिप्ले न पाहताच घेतलं होतं आणि त्यात बंदीच्या बाजूने बहुमत होतं. मग एका पंचाने संपूर्ण सामना टर्नागणिक मांडायचा आग्रह धरला. त्यातून निघालेली गोष्ट रॅपविरुद्ध खेळणाऱ्या कुणाच्याही कामाची आहे.

रॅपच्या काळात दोन प्रकारचे टर्न येतात. बंद टर्न, ज्यात आपण अडकलेले असतो आणि फक्त बदल करता येतो. आणि उघडा टर्न, ज्यात आधीचा रॅप संपलेला असतो आणि आपल्यालाही चाल निवडता येते. उघड्या टर्नला समोरचा आधी हलतो हे खरं, पण त्याचा नवा रॅप लागायलाच हवा असं नाही. साधारणपणे तो ८५ टक्के वेळा लागतो. इथे ड्रॅगनाइटला पॅरालिसिस होता, म्हणून आधी ७५ टक्क्यांची चाळणी आणि मग ८५ टक्क्यांची. दोन्हींतून पार होण्याची शक्यता साधारण ६४ टक्के. म्हणजे प्रत्येक उघड्या टर्नला यला सुमारे ३६ टक्के संधी होती की तिची निवडलेली चाल खरोखर चालेल.

बंद टर्नला बदल केला तर नव्याने लागणारा रॅप चुकू शकतो, पण त्याचा फायदा हल्ल्यासाठी होत नाही, कारण तो टर्न बदलण्यातच खर्च झालेला असतो. पॅरालिसिसमुळे ड्रॅगनाइट रॅपच्या अधेमधे थांबला तरी त्या टर्नला समोरच्याला हलता येत नाही, निवडच झालेली नसते. सुटका होते ती फक्त उघड्या टर्नला, आणि तीही त्या टर्नला हल्ला निवडला असेल तरच.

रिप्लेत उघड्या टर्नला ड्रॅगनाइट तीनदा फसला होता. तिन्ही वेळा यने बदल निवडलेला होता.

स्टार्मी समोर ठेवून प्रत्येक उघड्या टर्नला ब्लिझार्ड निवडला असता तर काय झालं असतं? दोन तृतीयांश हेल्थची स्टार्मी म्हणजे सुमारे २१५. रॅपचा तिच्यावर एका टर्नला १६ ते १९ चा मार. ती साधारण बारा टर्न उभी राहते, म्हणजे सरासरी चार उघडे टर्न. त्या चारांत ड्रॅगनाइट एकदा तरी फसण्याची शक्यता ८३ टक्के. ब्लिझार्डचा ९० टक्के अचूकपणा धरला तरी तो एकदा लागण्याची शक्यता ७९ टक्क्यांच्या आसपास. लागला असता तर पूर्ण हेल्थचा ड्रॅगनाइट तिथेच संपला असता, किंवा दहा टक्क्यांपेक्षा कमी हेल्थवर आला असता.

ड्रॅगनाइटला पॅरालिसिस नसता तर चार उघड्या टर्नांत तो फसण्याची शक्यता फक्त ४८ टक्के राहिली असती. "थंडर वेव्ह वाया घालवला" हा यवरचा सर्वांत मोठा आरोप होता. आकडे त्याच्या विरुद्ध बोलतात. थंडर वेव्हने तिच्या संधी जवळपास दुप्पट केल्या होत्या. पुढच्या टर्नचा सॉफ्ट-बॉइल्ड मात्र महागात पडला. तेव्हा ड्रॅगनाइट १२९ वर होता, चॅन्सी आधी हलणार होती आणि तिच्या आइस बीमने ३८५ पैकी २८९ ते ३४० हेल्थ उडवली असती. उरलेल्या शंभरापेक्षा कमी हेल्थवर रॅपची साखळी उभी करणं क्षला फार जोखमीचं झालं असतं.

घेतलेले निर्णय

पंचांनी बंदीचा ठराव मागे घेतला आणि चौथा पर्याय, तिसऱ्या मसुद्यासह, नियमपुस्तिकेत घातला. सामन्याचा निकाल दोन विरुद्ध एक मतांनी कायम राहिला: सामना सोडला म्हणजे हार. तिसऱ्या पंचाचं म्हणणं होतं की पीपी उलटले त्या टर्नपासून सामना पुन्हा सुरू करावा आणि क्षला रॅप संपलेला धरून खेळायला सांगावं.

मी तिसऱ्या पंचाच्या बाजूचा आहे. रॅप नसलेला ड्रॅगनाइट तिथे जिंकलाही असता. यचा टॉरस निम्म्यावर होता, स्नॉरलॅक्स बऱ्या स्थितीत होता आणि क्षकडेही अजून एक पोकेमॉन शिल्लक होता. निकाल उघडा होता. ज्या गोष्टीवर नियम अस्तित्वात नव्हता त्या गोष्टीने सामना थांबला, आणि तिथे शिस्तीचा नियम वापरून मोकळं होणं मला अपुरं वाटतं. बहुमताचा मुद्दाही हलका नव्हता. सामना सोडणाऱ्याला परत बसवलं की पुढे प्रत्येक रागावलेला खेळाडू तीच मागणी करेल. पण यने आधी तक्रार करून थांबायला हवं होतं असं म्हणायचं, तर सामना चालू असताना पंचांना बोलावण्याची सोय हवी. ती लीगमध्ये नव्हती.

परिणाम

एका पंचाने यला दुसऱ्या अजिलिटीनंतरची तीच स्थिती मांडून सरावाचे डाव खेळायला बोलावलं. सुरुवातीला ती आली नाही. नंतर आली, आणि उघड्या टर्नला बदल न करता हल्ला निवडायची शिस्त लावल्यावर त्या स्थितीतून बहुतेक डाव तिने वाचवले. काही डावांत मात्र ती बरोबर खेळूनही हरली. रॅप लागतच राहिला आणि तिला शेवटपर्यंत एकही चाल करता आली नाही. तो अनुभव कोणत्याही टक्केवारीने गोड होत नाही. पुढच्या हंगामात ती खेळली, दोन जुने खेळाडू मात्र रॅप ठेवल्यामुळे बाहेर पडले.

क्षने ड्रॅगनाइट वापरणं काही काळ बंद केलं. कारण विचारल्यावर, जिंकलो तरी लोक निकाल मोजत नाहीत, असं त्याने पंचांना सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

हंगाम सुरू होण्यापूर्वी पहिल्या पिढीतल्या ठाऊक असलेल्या चुकांची यादी करून प्रत्येकीवर एक ओळ लिहिली असती तर पीपी उलटण्याचा प्रश्न सामन्याच्या मध्यावर पहिल्यांदा समोर आला नसता. झोप आणि फ्रीझवर लीगचे नियम होते. अडकवणाऱ्या चालींकडे कुणी पाहिलं नव्हतं, कारण ताकद १५ असलेली चाल धोकादायक वाटत नाही.

मतदानाआधी रिप्ले पाहणं हा दुसरा बदल. पहिल्या बैठकीत बंदी जवळपास मंजूर झाली होती, आणि तेव्हा तिन्ही पंचांपैकी कुणालाही उघड्या टर्नला ड्रॅगनाइट तीनदा फसल्याचं माहीत नव्हतं.

यला कुणी विचारलं नाही की तिला नेमकं काय हवं आहे. तिच्या तक्रारीत बंदीचा शब्दही नव्हता. बंदी गटाने मागितली. तिला विचारलं असतं तर पीपीचा प्रश्न त्याच दिवशी वेगळा झाला असता आणि सामना उरलेल्या पोकेमॉनवर पूर्ण करता आला असता.

खेळाच्या बाजूने एक गोष्ट. नव्या खेळाडूला रॅपविरुद्ध "बदलत राहा" एवढंच शिकवलं जातं. बंद टर्नला ते योग्य आहे: पीपी जातात, कमकुवत पोकेमॉन वाचतो, ब्लिझार्डवाला समोर आणता येतो. पण तो समोर आल्यावर थांबायचं असतं, हे वाक्य सल्ल्यातून गळून पडलं आहे. यने अर्धाच सल्ला ऐकला होता, कारण तिला अर्धाच दिला गेला होता.

सामन्याच्या लांबीचा प्रश्न तसाच आहे. दोन्ही बाजूंनी नीट खेळलं तरी रॅपचा सामना फार लांबतो, आणि वेळेची मर्यादा घातली तर ती कुणाच्या बाजूने झुकेल यावर पंचांचं एकमत नाही. एका पंचाचा प्रस्ताव आहे की मर्यादा संपल्यावर उरलेल्या पोकेमॉनची संख्या मोजावी. त्यात रॅप करणाऱ्याला नुसतं वेळ काढून जिंकता येईल, असा आक्षेप यनेच लेखी दिला आहे. तो सध्या पंचांसमोर आहे.